डिशची पाठ

आमच्या छपरावरच्या डिशला मागूनही तोंड आहे. कवड्यांचे दोन डोळे, लाल दोऱ्याचं नाक आणि कपाळभर आरसे. फुलसावंगीहून तांड्याकडं येणाऱ्या रस्त्यावरून ते तोंड लांबूनच दिसतं, आणि दुपारच्या उन्हात तर बघणाऱ्याचे डोळे दिपवतं. हे तोंड तिथं कसं आलं याची एक कहाणी सध्या आसपासच्या तांड्यांमध्ये फिरते आहे. तिच्यात "आडे मास्तर विज्ञान शिकवते, त्यायनंच शोधून काढलं" हे वाक्य मोठ्या आदरानं येतं. ते आडे मास्तर म्हणजे मी, तेव्हा झाला प्रकार मीच सांगून टाकलेला बरा.

सुरुवात माझ्या स्वाभिमानापासून झाली. माझ्या बहुतेक नुकसानांची सुरुवात तिथूनच होते.

आमच्याकडं आधी एका खाजगी कंपनीची डिश होती. तिचं रिचार्ज संपलं की पडद्यावर एक हसरी बाई यायची आणि हात जोडून उभी राहायची. एरवी आठवडाभर रिचार्ज संपल्याचं कुणाला कळत नसे, पण घरी पाहुणा आला की ही बाई हजर. एकदा आमच्या तांड्याचे नायक देवसिंग बातम्या बघायला येऊन बसले आणि नेमकी ती आली. नायकांनी चष्मा पुसून तिच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, हे बाई कोण? काहून हात जोडून राह्यली? तुमच्याकडं काही बाकी हाये का तिची?"

त्याच संध्याकाळी मी कंपनीचा डबा काढला, छपरावरची तिची डिश उतरवली आणि सगळं सामान पुष्पाच्या भावाला देऊन टाकलं. पुष्पा म्हणजे माझी पत्नी. मी तिला समजावून सांगितलं, की आता आपण सरकारी फुकट डिश लावणार. एकदा बसवली की जन्मभर पाहा. महिन्याच्या महिन्याला त्या बाईपुढं मान खाली घालायला नको.

"बसवंन कोण?" पुष्पानं विचारलं.

"मी."

"मंग जन्मभर बसवाच लागंन," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

हे सगळं आरामात, उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचं असं माझ्या मनात होतं. पण मध्येच रंजिताचा फोन आला. रंजिता म्हणजे आमची मुलगी, यवतमाळला कॉलेजात आहे. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी म्हटलेली लेंगी टीव्हीवर दाखवणार होते, तीही फुकटातल्याच एका वाहिनीवर, येत्या शनिवारी संध्याकाळी. लेंगी म्हणजे आम्हा गोरमाटी, म्हणजे बंजारा, लोकांची होळीची गाणी. आणि रंजितानं निवडलेली लेंगी साधीसुधी नव्हती. ती आता सगळ्या तांड्यात एकट्या याडीला येते. याडी म्हणजे माझी आई, बिजलीबाई. तिला ती तिच्या आईकडून आलेली. (घरात आम्ही गोरमाटीच बोलतो. इथं मी वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी ते बोलणं वऱ्हाडीत सांगतो आहे, याडीची धार त्यात थोडी बोथट होते, त्याला इलाज नाही.)

"याडी, मोबाईलवर दाखवतो तुले," मी सोपा मार्ग काढून पाहिला.

"त्या एवढ्याशा काचंत माही नात मुंगीएवढी दिसंन. तिले पाहू का चिमटीत धरू?"

दुपारपर्यंत याडीनं तांडाभर आमंत्रण देऊन टाकलं होतं. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांनी आमच्या अंगणात यायचं. म्हातारीनं माझ्याकडं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. नवं लुगडं आणलं तरी ते आधी सुनेला नेसवणारी ती बाई. आपल्या आईचं गाणं आपल्या नातीच्या तोंडून, आपल्या घरात बसून ऐकायचं, एवढीच तिची हौस होती आणि ती पुरवणं माझ्यावर आलं होतं.

फुलसावंगीला बशीरभाईंचं दुकान आहे. तिथं डिश मिळतात, फवारणीच्या पंपाचे पार्ट मिळतात आणि लग्नाला लागणारे भोंगेही मिळतात. बशीरभाईंच्या कानाला सतत फोन असतो आणि तुमच्याशी बोलताहेत की फोनवरच्या माणसाशी हे त्यांच्या डोळ्यांकडं बघून ठरवावं लागतं.

"बसवून द्यायला येता का?" मी विचारलं.

"आता सर, आप तो साइन्सवाले आदमी! आपको मैं क्या बताऊँ? तोंड आग्नेयले करायचं, अन् डब्यात स्कॅन मारायचं. लहान पोट्टेही करून राह्यले."

शेवटचं वाक्य सोडलं तर मला त्यांचं बोलणं फार आवडलं. छत्रीएवढी डिश, डबा आणि वायरचं वेटोळं मोटारसायकलवर बांधून मी विजयी मुद्रेनं घरी आलो.

आग्नेय दिशा अचूक काढायची म्हणून मी शाळेच्या प्रयोगशाळेतली चुंबकसूची आणली होती. आमचं घर निम्मं स्लॅबचं, निम्मं टिनाचं. टिनाला लागून स्लॅबच्या कठड्यावर मी लोखंडी रॉड बसवला, त्याच्याशेजारी सूची ठेवली आणि उत्तर दिशा शोधली. सूचीनं उत्तर दिशा रॉडकडं दाखवली. मी रॉडच्या पलीकडं गेलो, तर उत्तर दिशाही माझ्यामागून पलीकडं आली. अर्धा तास मी उत्तरेच्या मागं छपरावर फिरत होतो. लोखंडाजवळ सूची भरकटते हे मी दरवर्षी सहावीच्या वर्गात इतक्या पोटतिडकीनं शिकवतो, की ते मलाही लागू असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तोवर खाली माणसं जमली होती. आमच्या तांड्यात कुणी छपरावर चढलं की ते सार्वजनिक काम समजतात.

"मास्तर, पुसदकडं तोंड करा," शेजारचा बाबुलाल ओरडला. "आपल्याकडं जे येते थे पुसदवरूनच येते."

"सॅटेलाइट आभाळात हाये ना?" नायकांनी शंका काढली. "अन् आभाळ तं सगळीकडं हाये. मंग एवढा नेम धरणं कायले पाह्यजे?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते द्यायला भूस्थिर कक्षेपासून सुरुवात करावी लागली असती. मी नुसतं "डिशचं तोंड आग्नेयलाच पाहिजे" असं वरून बजावलं. त्या दिवसात मी हे वाक्य किती जणांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही. तोंड जरा वर करा, तोंड डावीकडं घ्या, तोंड फिरलं, तोंड सरळ करा. खाली ओट्यावर शेंगा फोडत बसलेली याडी हे सगळं ऐकत होती, आणि ऐकून विचार करत होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

डब्याच्या मेन्यूत सिग्नलच्या दोन पट्ट्या असतात. एक स्ट्रेंथ, दुसरी क्वालिटी. स्ट्रेंथची पट्टी जवळजवळ भरल्याचं पुष्पानं खालून ओरडून सांगितलं, आणि मी वरूनच सगळ्यांना चहा जाहीर केला. चहा झाल्यावर कळलं की स्ट्रेंथ नुसती वायर जोडली तरी येते. खरी पट्टी क्वालिटीची, आणि ती शून्यावर होती. शाळा तपासणीचे अहवाल लिहून लिहून मला खरं म्हणजे ही गोष्ट आधीच कळायला हवी होती.

तरी ऊन उतरता उतरता सिग्नल लागला. मी नट हातानंच आवळले आणि खाली उतरलो. पडद्यावर एक माणूस कुठल्याशा भाषेत पंपाची जाहिरात करत होता आणि आम्ही सगळे त्याच्याकडं सख्खा भाऊ परतल्यासारखे पाहत होतो. मी नट हातानंच आवळले आणि खाली उतरलो. पुष्पानंही "लागलं म्हणा" असं म्हटलं. तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही लावला, तर सिग्नल नाही.

वारा आला असेल म्हणून मी वर जाऊन डिश पुन्हा जुळवली. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नाही. नट पान्यानं आवळले, तरी त्याच्या पुढच्या सकाळी नाहीच. संध्याकाळी शाळेतून आलो की मी छपरावर, पुष्पा टीव्हीपुढं आणि तांडा अंगणात, असा आमचा नित्यनेम झाला. संध्याकाळी लागायचं, सकाळी गेलेलं असायचं. बशीरभाईंना फोन केला तर ते म्हणाले, "मौसम का असर है, सर." आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता. पुन्हा फोन केला तेव्हा म्हणाले, "सॅटेलाइट सरकलं असंन. येतो मी इतवारी." कोणत्या इतवारी ते त्यांनी सांगितलं नाही आणि आमचा कार्यक्रम शनिवारी होता. फुकट डिशवाल्याला तक्रार करायला ती हसरी बाईसुद्धा नसते, ही गोष्ट मला पहिल्यांदा जाणवली आणि तिची थोडी आठवणही आली.

"मास्तर, तुमच्या रॉडजवळून लाइटची तार जाते," बाबुलालनं निदान केलं. "थे तारच ओढून घेत असंन सिग्नल."

हे साफ चूक आहे हे मला माहीत होतं. तरीही मी अर्धी रजा टाकून महागावला गेलो, यावरून माझ्या मनाची अवस्था ध्यानात यावी. तिथल्या कार्यालयाचं नाव घेत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर असं करत मी ज्या साहेबांपुढं पोचलो, त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचा रॉड आमच्या तारेजवळ हाये."

"तुमची तार माझ्या रॉडजवळ आहे."

"एकच झालं. तुमच्या डिशचा आमच्या तारेले त्रास होऊन राह्यला, असं लिहून द्या. मंग आम्हाले तुमच्यावर कारवाई कराले बरं पडंन."

मी काही लिहून न देता परत आलो. रस्ताभर माझा संशय एकाच माणसावर पक्का होत गेला. बाबुलाल. त्याच्या घरी अजून हसऱ्या बाईची डिश होती. माझं फुकटात चाललेलं त्याला बघवत नव्हतं. एरवी पुसद, तार असली निदानं माणूस उगाच करत नाही.

शुक्रवारी सकाळी उजाडताच मी चहाचा कप घेऊन छपरावर गेलो आणि पाण्याच्या टाकीमागं दबा धरून बसलो. बाबुलालला रंगेहाथ पकडल्यावर काय बोलायचं ते मी मनात तयार करून ठेवलं होतं. भाषण चांगलं झालं होतं. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली, आणि वर आली ती याडी. गुडघ्यांमुळं जिला दवाखान्याची पायरी चढवत नाही, आणि म्हणून जिच्यासाठी डॉक्टरला मी गाडीपर्यंत बोलावून आणतो, ती याडी हातात पाण्याचा तांब्या घेऊन तरातरा डिशपाशी गेली. पदरातून माझाच पाना काढला. नट सैल केला. डिशला दोन्ही हातांनी धरून, लाजणाऱ्या नवरीला वळवावं तसं, हळूच मागं फिरवलं. वायव्येकडं तोंड करून तिला जरा खाली वाकवलं.

"पड पाया," ती डिशला म्हणाली. "जय सेवालाल म्हण."

डिशचं दर्शन होईपर्यंत याडी हात जोडून शेजारी उभी राहिली. मग तिनं ती पुन्हा फिरवली, एक डोळा मिटून अंदाज घेतला, नट आवळला आणि तांब्यातलं पाणी तुळशीला घालायला निघाली.

"याडी!" मी टाकीमागून ओरडलो. चहा माझ्या पायावर सांडला.

"काहून ओरडून राह्यला? जशीच्या तशी तं ठेवली."

"तू रोज फिरवते हिला?"

"मंग? तिकडं आपली पोहरादेवी हाये. सेवालाल महाराजांचं ठिकाण. अन् हे तुही डिश दिवसभर तिकडं पाठ करून बसते. मी म्हटलं, सकाळी एक डाव पाया पडू द्या तिले. मंग दिवसभर काय पाह्यचं थे पाहो."

मी तिला समजावलं. डिश म्हणजे पत्रा. पत्र्याला पाठ नसते, पोट नसते. आपल्या घराची मागची भिंतही पोहरादेवीकडंच आहे, तिचं काय करायचं?

"भिताडाले तोंड नसते," याडी म्हणाली. "हिले हाये. तूच तं सांगत होता साऱ्या गावाले, डिशचं तोंड इकडं, डिशचं तोंड तिकडं. तोंड असंन तं पाठ असंनच ना बाप्पा."

पंचवीस मुलांच्या वर्गाला मी रोज गप्प करतो. या वाक्यापुढं मीच रिकामा कप उचलून जिना उतरलो.

प्रकरण नायकांकडं गेलं. आमच्या तांड्यात कुठलीही गोष्ट दोन माणसांत मिटली नाही की नसाब बसतो, म्हणजे तांड्याची बैठक. लग्न, शेताचा बांध आणि चोरीला गेलेली शेळी यानंतर आता माझी डिश नसाबपुढं आली. मी नकाशा काढून दाखवला. नायकांनी तो उलटा धरला, पण मन लावून पाहिला. मग त्यांनी पोहरादेवीला राहणाऱ्या आपल्या साडूला फोन लावला आणि तिथल्या डिशांची तोंडं कुणीकडं आहेत ते विचारलं.

"तिथंही आग्नेयलेच हायेत म्हणते," नायकांनी फोन ठेवत निर्णय दिला. "मास्तरचं बरोबर हाये. पण बिजलीबाईचंही चूक नाई."

असले निर्णय देता येतात म्हणूनच ते नायक आहेत. शनिवार दुसऱ्या दिवसावर आला होता. माझ्या पायावर चहाचा फोड आला होता. मी भडकलो.

"मग आता करू काय? डिशला मागूनही एक तोंड लावू?"

हे मी उपरोधानं म्हटलं होतं. उपरोधाची आमच्या घरात ही पद्धत आहे, की तो फक्त मला कळतो. याडीनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"हे बराबर बोलला तू," ती म्हणाली. "लाव."

घरी येऊन तिनं पेटीतून आपली जुनी कांचळी, म्हणजे चोळी, काढली, लग्नातली, आरशांनी भरलेली. पुष्पानं परात उलटी ठेवून गोल मापाचं कापड कापलं. सासू-सून दोघी ओट्यावर बसल्या आणि दिवस मावळेपर्यंत डिशच्या पाठीला चेहरा शिवत होत्या. कवड्यांचे डोळे, लाल दोऱ्याचं नाक. तोंड हसरं ठेवायचं की गंभीर यावर त्यांचा थोडा वाद झाला. पुष्पा म्हणाली, "हसरं नको, त्या रिचार्जवाल्या बाईसारखं दिसंन." मग ते गंभीर ठेवलं. कापडाच्या कडेला नाडी ओवून याडीनं तो चेहरा डिशच्या मागून घट्ट बांधला, त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि पोहरादेवीकडं बघून स्वतःच म्हणाली, "आता सदाच पाया पडून राह्यली बरं हे."

मी डिश शेवटची जुळवली आणि नट असा आवळला की पाना वाकला. शनिवारी सकाळी टीव्ही लावला. क्वालिटीची पट्टी जागच्या जागी होती. चित्र आरशासारखं स्वच्छ होतं, आणि ही उपमा मला सुचायच्या आधी ती बाबुलालला सुचली.

"आरशानं पकडलं!" तो अंगणातून ओरडला. "एवढे दिवस सिग्नल पकडत नव्हतं, आरसे लावले अन् पकडलं. मानलं मास्तर तुमाले!"

मी त्याला खरं कारण सांगितलं. पुन्हा सांगितलं. लोखंडाचा पाना दाखवून सांगितलं. तो मोठ्या समजुतीनं मान हलवत होता, थोर माणसं आपलं श्रेय घेत नाहीत हे त्याला ठाऊक असल्यासारखा. दुपारी बशीरभाईंचा फोन आला, स्वतःहून, पहिल्यांदाच. "सर, वो शीशेवाला कपडा कितने साइज का लगाया? इधर गिराइक पूछ रहे."

संध्याकाळी अंगण भरलं. टीव्ही ओट्यावर मांडला होता. नायकांना खुर्ची, बाकी सगळे सतरंजीवर, आणि सगळ्यांत पुढं, पडद्यापासून हातभर अंतरावर, नवं लुगडं नेसून याडी. या वेळी तिनं ते सुनेला नेसवलं नव्हतं. माझ्या हातात रिमोट होता. निवेदिका आली. चित्र हललं नाही. मग घागऱ्यासारखा फेटिया आणि कांचळी घातलेल्या पाच मुली आल्या, मधोमध आमची रंजिता, आणि तिनं लेंगीचा पहिला सूर लावला. आवाज असा स्वच्छ आला, जणू पोरगी अंगणातच उभी राहून म्हणते आहे. त्या क्षणी मी बशीरभाईंना, महागावच्या साहेबांना, बाबुलाललासुद्धा मनापासून माफ केलं. याडी हलली नाही. तिचे ओठ तेवढे गाण्याबरोबर चालले होते.

दोन कडवी झाली, मुली वाकून नमस्कार करत्या झाल्या, निवेदिकेनं आभार मानले आणि गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात लागली. अंगणात टाळ्या पडल्या. मी याडीजवळ गेलो. एवढ्या सगळ्यानंतर एखादा शब्द आपल्या वाट्याला येईल अशी मला आशा होती.

"तिसरं कडवं कुठी गेलं?" याडी म्हणाली.

"टीव्हीवाल्यायनं कापलं असंन, बिजलीबाई," नायक म्हणाले. "त्यायले टाइम नसते."

"कापलं?" ती पडद्यावरच्या तेलाच्या बाटलीकडं बघत राहिली. "त्याच कडव्यात माह्या याडीचं नाव हाये."

मी रिमोटची बटणं दाबली, जणू ते कडवं दुसऱ्या एखाद्या वाहिनीवर सापडणार होतं. तेवढ्यात याडी सतरंजीवरच मागं वळली, टीव्हीकडं पाठ आणि माणसांकडं तोंड करून बसली, आणि तिनं तिसरं कडवं म्हणायला सुरुवात केली. तिचा आवाज फाटका आहे. दुसऱ्या ओळीला तिला दम लागला. पण आईचं नाव आलं तेव्हा ती इतकी जोरात बोलली की टिनाच्या छपरावरचे कावळे उडाले. म्हाताऱ्या बायकांनी ध्रुवपद उचललं, मग पुष्पानं, मग बाबुलालनंही, भलत्याच सुरात. मागं बसलेले पुढं सरकले, बाजूचे वळले, नायकांनी खुर्ची फिरवून घेतली. सगळा तांडा याडीभोवती गोल झाला आणि ज्या टीव्हीसाठी मी आठवडाभर छपरावर राहिलो, त्याच्याकडं एकजात सगळ्यांची पाठ झाली.

याडी नाव असलेली ओळ पुन्हा पुन्हा घोळवत होती. मध्येच तिची नजर माझ्यावर गेली. मी अजून रिमोट हातात घेऊन उभा होतो.

"सुनील," ती गाणं थांबवून म्हणाली, "थे बंद कर ना बाप्पा. कायले लाइट जाळून राह्यला?"

मी बंद केला, आणि सगळ्यांसारखा तिकडं पाठ करून बसलो.